नाव काढलं

माखटेल्ड स्नायडर्स हे नाव
आता माखटेल्ड स्नायडर्सचं नाही.
लोक हसतात, मग मी त्यांना कागदाची प्रत दाखवते,
अँटवर्पच्या नोटरीचा शिक्का असलेली,
अठ्ठ्याण्णवच्या मार्चमधली.
सही तिची. साक्षीदार मी.
तेव्हा मी तिच्याकडे काजं करायचे,
दिवसाला चाळीस, हातानं.

पैसे नव्हते. कौतुक होतं भरपूर,
पॅरिसहून फुलं यायची
आणि फुलांच्या टोपलीखाली कापडवाल्याची तीन बिलं.
मग ते दोघे आले, नम्र, पातळ तळव्यांच्या बुटांचे.
कंपनी घेतो म्हणाले, कर्जासकट.
मशिनं, पुतळे, बेतांचे कागद, हातातल्या ऑर्डरी,
आणि अकराव्या कलमात, मध्येच,
अस्तरात विसरलेल्या टाचणीसारखं:
विक्रेतीचं नाव, पूर्ण वा अंशतः,
कुठल्याही लिपीत, आद्याक्षरांतसुद्धा,
कायमचं.

तिचे वडील होते तेव्हा. शिंपी. आजोबाही शिंपी.
खरं तर जुन्या माणसांच्या बोलीत
स्नायडर म्हणजेच शिंपी.
म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर ढकलला, रक्कम पुन्हा वाचली,
म्हणाला, पोरीनं नाव काढलं.
कुठल्या अर्थानं, ते मी विचारलं नाही.

आता ते नाव मोज्यांवर आहे, पायपुसण्यांवर आहे,
विमानतळावरच्या एका अत्तरावर आहे
ज्याच्या वासानं तिला शिंका येतात.
ती नदीपल्याड दोन खोल्यांत राहते,
शाळेच्या पोरांच्या पँटी आखूड करते,
आणि दर मंगळवारी मी जाते, सवयीनं.

गेल्या नाताळात शाळेच्या नाटकाला मेंढ्या हव्या होत्या.
तिनं अकरा शिवल्या, लोकरीच्या, पाच युरोला एक,
कुणाची कुठली ते कळावं म्हणून आत नंबर घातले
आणि नंबरापुढे, हात थांबेना म्हणून,
मा. स्ना.

नोटीस नऊ पानांची होती.
मेंढ्यांच्या गळ्यातल्या त्या दोन अक्षरांनी
ग्राहकांच्या मनात संभ्रम निर्माण होतो, असं लिहिलं होतं.
वकीलबाई फान हुके तरुण, सर्दी झालेली.
"वीजबिलावर चालेल," म्हणाल्या, "दवाखान्यात चालेल."
"थडग्यावर?"
त्यांनी खरोखर पान उलटून पाहिलं.
"चालेल. तो व्यापार नव्हे."
आणि चौदावं कलम विसरू नका म्हणाल्या,
त्यांच्या मालाची निंदा करायची नाही, कुठेही.
म्हणजे नाव लावायचं नाही
आणि नावंही ठेवायची नाहीत.

त्या रात्री आम्ही दोघींनी अकरा गळे उसवले.
ती रडली वगैरे नाही.
दोरा वाईट आहे म्हणाली, लगेच सुटतो.

मागच्या मंगळवारची गोष्ट. ट्राममध्ये समोर एक मुलगी,
कोट अंगापेक्षा मोठा, करडा,
बाही खांद्यावरून अशी पडलेली
जशी झोपलेल्या मुलाचा हात पडतो.
माखटेल्ड बघत राहिली. फारच बघत राहिली.
मुलीला वाटलं, म्हातारीला आवडला.
कॉलर उलटून तिनं लेबल दाखवलं.
"स्नायडर्स," म्हणाली. "आईचा. जुना, खरा.
आता असे करत नाहीत."
चौदावं कलम! मी मनात म्हटलं,
पण बोलली होती ती मुलगी,
आणि तिला कुणी नोटीस पाठवणार नव्हतं.

"तुम्ही शिवता का? बोटांवरून वाटतं."
माखटेल्डनं तोंड उघडलं.
तो शब्द जिभेवर आलेला मला दिसला,
वडिलांचा, आजोबांचा, शेवटच्या स-शिवायचा.
एका स-चा फरक कोर्टात पुरतो का,
हे फान हुकेबाईंना विचारायचं राहून गेलं होतं.
"नाही," म्हणाली. "घरीच असते."

आमचा थांबा आला.
उठताना पाहिलं, कोटाचं वरचं काज माझं होतं,
एक टाका सैल झालेला.
मला कुठलंच कलम लागू नाही.
तरी मीही बोलले नाही.